टर्बो डिझेल ट्रक बंद करण्याआधी इंजिन थंड करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुरुस्तीला आलेला टर्बो, म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, उघडल्यावर त्याचा शाफ्ट (मधला दांडा) मी ड्रायव्हरच्या हातात देतो. थंड हवेच्या बाजूचं टोक आरशासारखं चकचकीत असतं. धुराच्या बाजूला सरकत गेलं की आधी पिवळसर, मग निळसर-जांभळा रंग दिसतो, आणि रिंग बसते त्या खोबणीत दगडासारखा घट्ट काळा थर असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर त्याच्या खपल्या निघतात. हे जळून घट्ट झालेलं इंजिन ऑइल. ते पाहिल्यावर ड्रायव्हर आणि मालक जे विचारतात, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

थंड करायचं म्हणजे नेमकं काय? इंजिन तर तासाभराने हात लावला तरी गरमच लागतं.

अख्खं इंजिन थंड व्हायची वाट पाहायची नसतेच. पाण्याचा काटा ८०-९० अंशांवर असतो आणि बंद करताना तो तिथेच असला तरी काही बिघडत नाही. थंड करायची असते ती धुराची बाजू: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा पाइप), टर्बोचं गरम घर आणि हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, दोन व्हॉल्व्हच्या मधला बारीक भाग.

भरलेली गाडी चढ ओढत असताना टर्बोत शिरणारा धूर ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. तेच इंजिन न्यूट्रलमध्ये स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, चालू असेल तर हा धूर साधारण १०० ते २०० अंशांचा असतो. डिझेल इंजिन स्लोवर असताना डिझेल अगदी कमी घेतं, पण हवा मात्र त्या डिझेलच्या मानाने भरपूर ओढतं. त्यामुळे धुराड्यातून जाते ती बरीचशी न जळलेली, त्यामानाने गार हवा. स्लोवर ठेवलेलं इंजिन आपल्याच टर्बोवर फुंकर घालत असतं, असं समजा. ही फुंकर काही मिनिटं मिळू देणं एवढंच आपलं काम.

टर्बोत असं नाजूक काय असतं? दिसायला तर जाड बिडाचा गोळा आहे.

बाहेरून गोळाच आहे. आत एका शाफ्टवर दोन पंखे बसवलेले असतात. एकाला इंजिनचा धूर फिरवतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. ट्रकच्या टर्बोचा शाफ्ट पूर्ण लोडवर मिनिटाला साधारण ८०,००० ते १,२०,००० फेरे घेतो. इंजिनचा क्रँक (मुख्य फिरता दांडा) तेव्हा दीड-दोन हजारांवर असतो, यावरून कल्पना करा.

एवढ्या वेगाचा शाफ्ट बहुतेक ट्रकांत साध्या बुशांवर, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या कड्यांवर, चालतो. हे बुश घरात घट्ट ठोकलेले नसतात. त्यांच्या आतूनही ऑइल आणि बाहेरूनही ऑइल. बुश त्या ऑइलात तरंगतो आणि शाफ्टच्या मागोमाग स्वतःही फिरतो. शाफ्ट आणि बुश यांच्यातली जागा मिलिमीटरच्या काही शतांशाइतकी. धातूला धातू लागू न देणारी गोष्ट म्हणजे तेवढ्या जागेतला ऑइलचा पापुद्रा. हेच ऑइल सतत वाहत राहून गरम बाजूकडून येणारी उष्णताही घेऊन जातं. बऱ्याच ट्रकांत टर्बोच्या मधल्या घराला थंड ठेवणारं दुसरं काहीही नसतं.

मग चावी बंद केल्यावर काय होतं?

ऑइल पंप क्रँकवर चालतो. क्रँक थांबला की पंप थांबला आणि टर्बोला जाणारं ऑइल तुटलं. इंजिन चढावरून तापून आलं असेल आणि फेरे वर असताना बंद केलं असेल, तर शाफ्ट मात्र आपल्या वेगाने फिरतच राहतो आणि उरलेल्या थेंबभर ऑइलवर गरगरत हळूहळू थांबतो. शांत जागी गाडी बंद केल्यावर बॉनेटच्या बाजूने बारीक शिटीसारखा आवाज विरत जाताना ऐकू येतो, तो हाच. स्लोवरून बंद केलेल्या इंजिनात हा आवाज काही सेकंदांत संपतो, कधी ऐकूही येत नाही.

या घासण्यापेक्षाही मोठं नुकसान त्यानंतरच्या मिनिटांत होतं, आणि ते दिसत नाही की ऐकू येत नाही. लोखंडी सळईचं एक टोक विस्तवात लाल केलं आणि बाहेर काढलं, तरी थोड्या वेळाने हातातलं टोक चटका देऊ लागतं. टर्बोत तसंच. धुराच्या बाजूचं बिडाचं घर जाड आहे, त्यात उष्णता भरपूर साठलेली असते. इंजिन चालू होतं तोवर ऑइल ती वाहून नेत होतं. आता ऑइल जागीच थांबलं आहे, आणि उष्णता शाफ्टमधून, घरातून बुशांकडे सरकते. त्यामुळे बुशांजवळचं तापमान बंद केल्यावर काही मिनिटं कमी न होता वाढत जातं. साधं इंजिन ऑइल २५०-३०० अंशांच्या पुढे तग धरत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे आधी लाखेसारखा चिकट, मग कोळशासारखा कडक थर राहतो.

एका वेळी हा थर अगदी पातळ बसतो, म्हणून ‘मी आजवर असंच करत आलो, काही झालं नाही’ असं म्हणणारा ड्रायव्हर खोटं बोलत नसतो. पण दर वेळी थरावर थर चढतो. बुशाची भोकं बारीक होतात, रिंग खोबणीत अडकते, सुटलेल्या खपल्या ऑइलबरोबर फिरून बुश खरवडतात.

किती मिनिटं थांबायचं?

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते पहिलं. कमिन्सच्या इंजिनांच्या पुस्तिकांत पूर्ण लोडवर चालवल्यानंतर बंद करण्याआधी ३ ते ५ मिनिटं स्लोवर ठेवायला सांगितलेलं असतं, आणि इतर बनावटींच्या ट्रकांतही सूचना याच्या आसपासच असते.

पण ‘पाच मिनिटं’ हा आकडा पाठ करून घड्याळ लावण्यात अर्थ नाही. वेळ ठरते ती आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत इंजिनने काय केलं त्यावर. भरलेली गाडी चढ चढून थेट थांबली तर पूर्ण पाच मिनिटं द्या. महामार्गावरून जोरात आलात आणि लगेच कडेला लागलात तर तीन-चार. गर्दीतून हळूहळू सरकत आलात, रिकामी गाडी होती, तर मिनिटभर पुरे. यार्डात गाडी इकडची तिकडे लावली असेल तर बंद करा, थांबायची गरज नाही.

म्हणजे थांबण्याआधी हळू चालवलं तर ते थंड होण्यात धरायचं का?

धरायचंच. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. इंजिन थंड करण्याची उत्तम जागा म्हणजे थांबण्याआधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर. ॲक्सिलरेटर हलका, वरचा गिअर, फेरे कमी. धूर गार होतो, ऑइल चांगल्या दाबाने वाहतं, पाण्याचा पंप फिरतो आणि वरून रेडिएटरला चालत्या गाडीचा वाराही लागतो. उभ्या गाडीत हा वारा नसतो, म्हणून जोरात येऊन एकदम थांबलं की पाण्याचा काटा पहिल्या मिनिटात थोडा वरही चढतो.

एका ट्रकचा टर्बो थोड्याच काळात दुसऱ्यांदा माझ्याकडे आला. ऑइल चांगलं, फिल्टर वेळेवर, ड्रायव्हर जुना आणि काळजीवाला. त्याच्याशी बसून बोललो तेव्हा कळलं, की प्रत्येक फेरीत घाटमाथ्यावर पोचलं की तो गाडी बंद करून उतरायचा आणि सगळे टायर ठोकून पाहायचा. टायर पाहण्याची सवय चांगलीच, पण जागा नेमकी अशी, की जिथे टर्बो सगळ्यात जास्त तापलेला. त्याला टायर पाहू नकोस असं मी सांगितलं नाही. थांबायची जागा माथ्यापासून पुढे सपाटीवर काही किलोमीटर सरकवायला सांगितली. तो टर्बो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

घाट उतरून आलो तर?

उतारावर पाय ॲक्सिलरेटरवर नसेल आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर आजच्या इंजिनांत डिझेल जवळपास पूर्ण बंद असतं. आग नाही, नुसती हवा आत-बाहेर. लांब उतार उतरून आलेल्या गाडीचा टर्बो बऱ्यापैकी निवलेला असतो आणि मिनिटभर स्लोवर ठेवणं पुरतं.

अपवाद हायड्रॉलिक रिटार्डर असलेल्या गाड्यांचा. हा रिटार्डर गाडी रोखताना तयार होणारी उष्णता इंजिनच्या पाण्यात सोडतो. उताराच्या पायथ्याशी टर्बो गार असेल, पण पाणी चांगलंच तापलेलं असू शकतं. अशा गाडीत पाण्याचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत इंजिन चालू ठेवा. बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडभोवतीचं पाणी जागच्या जागी उकळू लागतं.

बंद करण्याआधी एकदा जोरात रेस द्यायची जुनी पद्धत आहे. ती बरोबर का?

टर्बो असलेल्या इंजिनात अजिबात नाही. रेस दिली की टर्बोचा वेग उसळतो, आणि त्याच क्षणी चावी बंद केली की ऑइल तुटतं. चांगली पाच मिनिटं थांबून शेवटी रेस देऊन बंद करणाऱ्याने ती पाच मिनिटं वाया घालवली.

मग अर्धा तास स्लोवर ठेवलं तर अजून चांगलं ना?

नाही. पाच-सात मिनिटांनंतर टर्बो जेवढा निवायचा तेवढा निवलेला असतो. त्यापुढे नुकसान सुरू होतं. स्लोवर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून ऑइलात मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. काजळी ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी वाट), डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि टर्बोच्या पाकळ्यांवर बसते. ज्या टर्बोत पाकळ्या फिरून धुराची वाट कमी-जास्त करतात, त्यात त्या अडकायला लागतात आणि पिकअप जातो. टर्बो वाचवायला म्हणून गाडी तासन् तास चालू ठेवणं म्हणजे एक बाजू राखताना दुसरी खराब करणं.

या मिनिटांत डिझेल किती जातं?

अवजड ट्रकचं इंजिन स्लोवर तासाला साधारण २ ते ३ लिटर डिझेल घेतं. पाच मिनिटांचं पाव लिटरच्या आत. आणि शेवटचे किलोमीटर हळू चालवून आलात तर तेवढंही लागत नाही, उलट वाचतं.

थंड झालं हे कळायचं कसं?

धुराच्या तापमानाचा मीटर बसवलेला असेल तर प्रश्नच नाही. टर्बोच्या आधी लावलेल्या मीटरचा काटा २०० अंशांच्या खाली येऊन स्थिर झाला की बंद करा. डोंगराळ रस्त्यांवर भरलेल्या गाड्या चालवणाऱ्यांनी हा मीटर बसवावा असं माझं मत आहे. पाण्याचा काटा जे दाखवतच नाही ते हा दाखवतो.

मीटर नसेल तर कान वापरा. रेडिएटरचा पंखा घुमत असेल तर इंजिन अजून उष्णता बाहेर टाकतं आहे. पंख्याचा क्लच सुटून त्याचा घुमारा बसला आणि इंजिनचा आवाज एकसारखा, हलका झाला की वेळ जवळ आली. या काळात एसी चालू असला तरी फारसा फरक पडत नाही.

आमच्या टर्बोला पाण्याचे पाइप आहेत. तरी थांबायचं?

थांबायचं, पण धास्ती कमी. मधल्या घराभोवती पाणी असलं की इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढतं, गार पाणी त्याच्या जागी येतं आणि पंपाशिवाय थोडा वेळ फिरत राहतं. बुशांजवळची उष्णता त्यामुळे बरीच आटोक्यात राहते. हेडवरचा ताण मात्र तसाच राहतो. काही टर्बोंत पाकळ्या हलवणारा इलेक्ट्रॉनिक भाग टर्बोलाच जोडलेला असतो आणि तोही पाण्याने थंड होतो. त्याला उष्णता बुशांपेक्षाही कमी सोसते.

चांगलं सिंथेटिक ऑइल टाकलं तर ही कटकट संपेल का?

सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं आणि कार्बन कमी धरतं. चूक झाली तर ते तुम्हाला थोडी जास्त सूट देतं. पण पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं साधं ऑइल वेळेवर बदलणारा, महागडं ऑइल टाकून बदलायला विसरणाऱ्यापेक्षा टर्बो जास्त टिकवतो. जुनं ऑइल काजळीने जड झालेलं असतं, आणि टर्बोचा ऑइलचा पाइप बोटाएवढाही जाड नसतो.

टर्बो टायमर बसवावा का?

टायमर चावी काढल्यावरही ठरलेली मिनिटं इंजिन चालू ठेवतो आणि मग आपोआप बंद करतो. पुष्कळ ठिकाणी थांबणाऱ्या गाडीला सोय आहे. मला त्याची धास्ती वाटते ती एकाच कारणाने: चालू इंजिनची गाडी सोडून माणूस निघून जातो. गाडी गिअरमध्ये राहिली, हँडब्रेक पूर्ण लागला नाही, किंवा कोणी केबिनमध्ये चढलं, तर पुढचं काहीही होऊ शकतं. बसवायचाच असेल तर हँडब्रेक आणि न्यूट्रलशिवाय काम न करणारा बसवा, चाकांना ठोकळे लावा, आणि बंद जागेत तो वापरू नका. बंद शेडमध्ये चालू इंजिनचा धूर जीवघेणा असतो.

डीपीएफचं रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून फिल्टर साफ करणं) चालू असताना थांबावं लागलं तर?

शक्य असेल तर ते पुरं होऊ द्या. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी तेव्हा धुराचं तापमान मुद्दाम वाढवलेलं असतं, फिल्टरमध्ये ते ६०० अंशांच्या आसपास जातं. अर्धवट तोडलं की काजळी राहते आणि पुढचं रीजनरेशन लवकर मागे लागतं. उभ्या गाडीत केलेलं रीजनरेशन संपलं की पुन्हा तीन ते पाच मिनिटं स्लोवर ठेवा. आणि या काळात धुराड्याच्या तोंडाखाली वाळलेलं गवत, पाचोळा, ताडपत्रीचं टोक नाही ना, ते उतरून पाहा. असल्या जागी गाडी उभी केल्याने आगी लागतात.

कोणत्या वेळी अजिबात न थांबता बंद करायचं?

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा दाबाचा काटा पडला, तर त्याच क्षणी. टर्बोला थंड करणारं ऑइलच नाही, तर चालू ठेवून उपयोग काय? आगीचा वास किंवा ज्वाळा, डिझेलची गळती, पाणी पूर्ण वाहून गेलेलं, अपघात, इंजिनातून धातूवर धातू आपटल्याचा आवाज: या सगळ्यांत टर्बोचा विचार मनात आणू नका. डिझेल भरायच्या पंपावर तर इंजिन बंदच असलं पाहिजे. लोडवर आला असाल तर आधी बाहेर मोकळ्या जागेत थांबून इंजिन निवू द्या आणि मग आत शिरा.

पाण्याचा काटा लालच्या जवळ गेला पण पाणी गळत नाही. बंद करू का?

इथे बहुतेक जण घाबरून चावी फिरवतात. ऑइलचा दाब ठीक असेल, कुठे गळती किंवा वाफ नसेल, तर गाडी कडेला घ्या, न्यूट्रल करा, एसी बंद करा आणि इंजिन चालू राहू द्या, फेरे जरा वर, हजाराच्या आसपास. पंप पाणी फिरवतो, पंखा वारा देतो, काटा खाली येतो. तो खाली येत नसेल, किंवा पाणी कमी झाल्याचा दिवा लागला, तर मात्र बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं फवारतं.

चढावर पूर्ण लोडमध्ये इंजिन अचानक बंद पडलं तर?

ब्रेक लावा, गाडी पक्की रोखा, आणि बंद पडण्याचं कारण साधं असेल, गिअर चुकला किंवा क्लच लवकर सुटला, तर लगेच परत चालू करा. तापलेल्या टर्बोला तोडलेलं ऑइल जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. ट्रॅक्टरच्या पुस्तिकांतही लोडखाली बंद पडलेलं टर्बो इंजिन ताबडतोब सुरू करायला सांगतात, ते याच कारणाने.

गाडी उभीच होती, नुसतं पीटीओवर (इंजिनच्या जोरावर पंपासारखं दुसरं यंत्र चालवणारी जोडणी) काम चालू होतं. तरी थांबायचं?

हो. टिपरचा हौदा एकदा वर-खाली करणं फार नाही. पण पीटीओवर पंप किंवा कॉम्प्रेसर तासभर चालला असेल, तर इंजिन लोडवर होतं आणि वाराही नव्हता. पीटीओ काढा, रेस खाली आणा, तीन ते पाच मिनिटं द्या.

बंद केल्यावर बॅटरीचा कट-ऑफ लगेच फिरवला तर चालेल?

धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण वापरणाऱ्या गाड्यांत थोडं थांबा. चावी बंद झाल्यावर त्यांचा पंप नळ्यांतलं युरियाचं द्रावण परत टाकीत ओढून घेतो. मध्येच वीज तोडली तर ते नळीत राहून वाळतं आणि त्याचे पांढरे खडे तोंड बंद करतात. थंड प्रदेशात ते उणे ११ अंशांच्या सुमारास गोठतं आणि नळी फुटू शकते. पुस्तिकेत दिलेली एक-दोन मिनिटं जाऊ द्या. इंजिन चालू असताना कट-ऑफ फिरवणं तर त्याहून वाईट, त्यात अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर दोन्ही जळू शकतात.

सकाळी चालू करतानाही काही पथ्य आहे का?

रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. चालू केल्यावर ते टर्बोपर्यंत चढायला काही सेकंद लागतात, थंडीत आणखी. ऑइलचा दिवा विझल्यावरही अर्धा मिनिट ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, आणि मग पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चला. चालू करताच रेस देऊन ब्रेकच्या हवेचा दाब भरणाऱ्यांचे टर्बो मी वेळेआधी गेलेले पाहिले आहेत.

टर्बो गेला हे कसं ओळखायचं? आणि तो गरम बंद केल्यानेच गेला, हे कशावरून?

आधी पिकअप कमी होतो आणि चढावर काळा धूर येतो. शिटीचा आवाज बदलून सायरनसारखा होतो. ऑइल कमी होत जातं, निळा धूर दिसतो, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरच्या) होजमध्ये ऑइल साचतं. हवेचा पाइप काढून थंड शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. आडवा थोडासा हलणं स्वाभाविक आहे, कारण मधला ऑइलचा पापुद्रा तिथे नाही. पण पंखा घराला टेकत असेल, किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकताना बोटांना जाणवत असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. ऑइल थेट हवेच्या वाटेने इंजिनात शिरलं तर इंजिन त्याच ऑइलवर धावू लागतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा इंजिनच्या हवेच्या तोंडाशी हात नेऊ नका.

कारण उघडल्यावर कळतं. पंख्यांच्या पात्यांची टोकं ठेचलेली असतील तर काहीतरी आत गेलं. बुशांवर गोल रेघा असतील तर ऑइल घाण होतं. शाफ्ट दोन्ही बाजूंना निळा असेल तर ऑइल कमी मिळत होतं. आणि रंग फक्त धुराच्या बाजूला, त्याच बाजूच्या खोबणीत कडक कार्बन, पण हवेकडची बाजू स्वच्छ, असं दिसलं तर गाडी गरम असताना बंद होत होती. सगळं खापर ड्रायव्हरवर फोडू नये. घाणेरड्या ऑइलने आणि फाटक्या एअर फिल्टरने गेलेले टर्बोही माझ्याकडे सतत येतात.

मी मालक आहे. ड्रायव्हर थांबत नाहीत, काय करू?

काही गाड्यांचा कॉम्प्युटर गरम इंजिन बंद केल्याची नोंद ठेवतो, ती सर्व्हिसच्या वेळी काढून घेता येते. पण आधी स्वतःचं वेळापत्रक तपासा. पोचल्याच्या मिनिटाला फोन करून ‘उतर आणि कागद घेऊन ये’ म्हणणारा मालक असेल, तर ड्रायव्हर पाच मिनिटं कुठून आणणार? पोचण्याच्या वेळेत ही मिनिटं धरा. आणि गेलेल्या टर्बोचा शाफ्ट भंगारात टाकण्याआधी ड्रायव्हरांना हातात घेऊन पाहू द्या. फलक लावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

नवा टर्बो बसवताना काय पाहू?

ऑइल येण्याचा आणि परतीचा, दोन्ही पाइप काढून आतून पाहा. जमलं तर येण्याचा पाइप नवाच घाला. ज्या उष्णतेने जुन्या शाफ्टवर कार्बन बसवला, तिनेच या पाइपातही बसवलेला असतो, आणि तो तसाच ठेवला तर नव्या टर्बोला पहिल्या दिवसापासून ऑइल कमी मिळतं. जोडाला सिलिकॉनची पेस्ट लावू नका, तिचा सुटलेला तुकडा भोकात बसतो. इंटरकूलर आणि होज धुऊन जुनं ऑइल आणि धातूचे कण काढा. टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, शाफ्ट हाताने फिरवा, मग पाइप जोडा. इंजिन सुरू न होऊ देता काही सेकंद नुसतं स्टार्टरने फिरवून ऑइलचा दाब येऊ द्या, नंतर चालू करून दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड गळतो का पाहा.